आधी जोडी, मग ताटातूट

गेल्या अंकात जखम कशी भरते हे सांगताना सूत्री विभाजनाबद्दल लिहिलं होतं. एका पेशीच्या दोन हुबेहूब पेशी होतात, दोन्हींत गुणसूत्रं तेवढीच. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी पुढचा प्रश्न विचारला आहे, की मग शुक्रपेशी आणि अंडपेशी कशा होतात? त्या होतात अर्धसूत्री विभाजनातून, ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बरीचशी वर्षं याच विभाजनाच्या स्लाइड बघण्यात आणि दाखवण्यात गेली, त्यामुळे या वेळी मी जरा जास्त बोलणार आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

मी बारावीत आहे. अर्धसूत्री विभाजनात ४६ गुणसूत्रांची २३ करायची असतात. मग त्याआधी डीएनए दुप्पट कशासाठी होतो? सरळ एकदाच विभागणी केली असती तर भागलं नसतं का? सरांना विचारलं तर म्हणाले, पुस्तकात तसंच दिलंय.

पुस्तकात तसंच दिलंय हे खरं, पण पेशीने पुस्तक वाचलेलं नाही. तेव्हा तिच्या बाजूने विचार करून बघ.

तुझ्या पेशीतली ४६ गुणसूत्रं म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. सातव्या क्रमांकाच्या दोन्ही गुणसूत्रांवर जनुकं त्याच क्रमाने मांडलेली असतात, फक्त अधूनमधून मजकूर, म्हणजे डीएनएमधला क्रम, किंचित वेगळा असतो. अशा जोडीदारांना सजातीय गुणसूत्रं म्हणतात. आता निम्मं करायचं म्हणजे कोणतीही २३ उचलून चालत नाही, प्रत्येक जोडीतलं नेमकं एकच उचलावं लागतं. सातव्याची दोन्ही आली आणि आठव्याचं एकही आलं नाही, तर बेरीज २३ भरेल, पण त्यातून गर्भ जगणार नाही. म्हणजे पेशीपुढचा खरा प्रश्न भागाकाराचा नाहीच. जोडी ओळखायची कशी आणि ती नेमकी दोन बाजूंना पाठवायची कशी, हा तिचा प्रश्न आहे.

सूत्री विभाजनात ही अडचण येत नाही. तिथे प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते तेव्हाच मूळ आणि प्रत एकमेकांना कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधली जातात. मग पेशीच्या दोन ध्रुवांकडून, म्हणजे टोकांकडून आलेले तर्कुतंतू नावाचे ओढणारे धागे त्यांना विरुद्ध दिशांना ओढू लागतात. दोन्हीकडून ताण बसला की पकड पक्की होते. ताण बसला नाही तर तंतू सुटतात आणि पुन्हा पकडून बघतात. ही सरळसरळ रस्सीखेच आहे. दोर सलग असेल तरच ती खेळता येते. दोन संघांच्या हातात दोन सुटे तुकडे असले, तर कोण कुणाला ओढणार?

आईकडचं सातवं आणि वडिलांकडचं सातवं यांच्यात असा दोरच नसतो. शरीराच्या बहुतेक पेशींत ही दोघं केंद्रकात आपापल्या जागी राहतात, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी. मग पेशी एक धाडसी गोष्ट करते. एसपीओ-११ नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) ती स्वतःचाच डीएनए शेकडो ठिकाणी तोडून घेते. एरवी एक तुटका डीएनए दिसला तरी पेशीची धावपळ उडते. इथे ती आपणहून तोडते, आणि दुरुस्तीसाठी नमुना म्हणून शेजारची प्रत न घेता शक्यतो सजातीय जोडीदार शोधते. तुटलेली टोकं जुळता मजकूर शोधत जातात आणि त्या शोधातच दोन सजातीय गुणसूत्रं शेजारी येऊन लांबीभर चिकटतात. बरेचसे तुकडे आपल्या जागीच सांधले जातात. काही ठिकाणी मात्र सांधा तिरका बसतो. याचा तुकडा त्याला जोडला जातो, त्याचा याला. हाच तुमच्या पुस्तकातला ‘पारगमन’ किंवा ‘क्रॉसिंग ओव्हर’.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. समज, प्रती काढलेल्याच नव्हत्या आणि दोन एकेरी गुणसूत्रांनी तुकडे बदलले. नंतर काय उरेल? पुन्हा दोन सुटी गुणसूत्रंच. मजकूर बदलला, पण गुंतलं काहीच नाही. प्रती निघालेल्या असल्या तर गोष्ट वेगळी होते. अदलाबदल झालेल्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे मूळ आणि प्रत कोहेसिनने बांधलेल्याच असतात. त्यामुळे ते दोन सजातीय जोडीदार एकमेकांत अडकून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही अडकलेली जागा इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते, तिला कायझ्मा म्हणतात. दोर मिळाला तो इथे. आता ओढाओढ होऊ शकते, ताण बसू शकतो आणि जोडी अचूक फुटू शकते.

मग पहिल्या विभाजनात गुणसूत्रांच्या भुजांवरची कोहेसिनची कडी कापली जातात आणि जोडीदार वेगळे होतात. गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे तंतू जिथे गुणसूत्राला पकडतात तिथे असलेली कडी मात्र शुगोशिन नावाचं प्रथिन राखून ठेवतं, कारण दुसऱ्या विभाजनात ओढाओढीसाठी तीच लागणार असतात. ती तुटली की मूळ आणि प्रतही वेगळ्या होतात. एका पेशीच्या चार पेशी झाल्या, प्रत्येकीत २३ एकेरी गुणसूत्रं. मार्क जातात ते इथे, म्हणून एकदा पक्कं करून ठेव. गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती पहिल्याच विभाजनात. दुसऱ्यात संख्या तेवढीच राहते, डीएनए तेवढा निम्मा होतो.

शिवाय हे विभाजन पेशीने शून्यातून घडवलेलं दिसत नाही. जुनं सूत्री विभाजन हाताशी होतंच. प्रत काढणं, कडी घालणं, तंतूंनी ओढणं हे सगळं त्यातलंच, फक्त अधे जोडीदाराशी गाठ घातली. बहुतेक जीवशास्त्रज्ञ असंच मानतात आणि मलाही ते पटतं.

खेचराला पिल्लं का होत नाहीत?

घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराला एकाकडून ३२ आणि दुसऱ्याकडून ३१ मिळतात, म्हणजे ६३. शरीर चालवायला ती पुरतात, कारण सूत्री विभाजनाला जोडीदार लागत नाही. अर्धसूत्री विभाजनात मात्र जोड्या लागायला हव्यात, आणि घोड्याच्या व गाढवाच्या गुणसूत्रांवरचा मजकूर इतका इकडेतिकडे झालेला आहे की जोड्या धड लागत नाहीत. तिथेच बहुतेक पेशी मरतात. मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण त्या अपवादातच मोडतात.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. मी वडिलांच्या आईवर गेले आहे असं सगळे म्हणतात, धाकटीत आजीचं काहीच दिसत नाही. आजी-आजोबा मिळून चौघं, म्हणजे प्रत्येकाचा पाव वाटा दोघींनाही सारखाच यायला हवा ना?

पाव ही सरासरी झाली, हमी नव्हे. वडिलांकडून तुम्हाला २३ गुणसूत्रं मिळाली, आईकडून २३. इथपर्यंत वाटणी चोख आहे. पण वडिलांकडच्या २३ मध्ये आजीचं किती आणि आजोबांचं किती, हे त्या एका शुक्रपेशीच्या वेळी जोड्या कशा उभ्या राहिल्या यावर ठरलं. प्रत्येक जोडीत आजीकडचं गुणसूत्र कोणत्या ध्रुवाकडे तोंड करणार हे दर वेळी नव्याने ठरतं, आणि एका जोडीचा कौल दुसरीवर अवलंबून नसतो. दोन पर्याय, २३ वेळा. गुणाकार केला तर ८३,८८,६०८ प्रकार होतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण काढून मला याआधीही वाचकांनी लिहिलं आहे. हसायला छान योगायोग आहे, त्यात आणखी काही शोधू नका. आई-वडील दोघांचे पर्याय एकत्र धरले तर सुमारे ७० लाख कोटी जुळण्या होतात, आणि यात मी अजून पारगमन मोजलेलंच नाही.

पारगमनाबद्दल लोकांचा एक समज असतो की गुणसूत्रं पत्ते पिसल्यासारखी मिसळून जातात. तसं होत नाही. पुरुषाच्या अर्धसूत्री विभाजन होणाऱ्या एका पेशीत सगळ्या जोड्या मिळून ५० च्या आसपास अदलाबदली होतात, स्त्रीच्या पेशीत ७० च्या आसपास. प्रत्येक अदलाबदल जोडीच्या चार धाग्यांपैकी (दोन जोडीदार आणि त्यांच्या प्रती) दोघांतच होते, त्यामुळे एका शुक्रपेशीच्या वाट्याला त्यातल्या साधारण निम्म्याच येतात. म्हणजे गुणसूत्रामागे एखादी, मोठ्या गुणसूत्रांना दोन-तीन. मजकूर मोठाल्या सलग तुकड्यांनी पुढे जातो. एकविसावं किंवा बाविसावं गुणसूत्र एवढं लहान आहे की ते अख्खंच्या अख्खं एकाच आजोबांचं किंवा आजीचं येऊ शकतं. म्हणून एका बहिणीकडे आजीचा वाटा पावाहून थोडा जास्त आणि दुसरीकडे थोडा कमी, असं सहज घडतं.

आता तुमच्या धाकट्या बहिणीच्या बाजूने एक गोष्ट सांगते. वडिलांकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, आणि ते त्यांना त्यांच्या आईकडून मिळालेलं असतं. त्याचा जोडीदार वाय. या दोघांची गाठ फक्त टोकांच्या छोट्याशा भागात पडते, बाकी लांबी एकमेकांना लागतच नाही. त्यामुळे आजीचं ते एक्स जवळजवळ जसंच्या तसं तुम्हा दोघींकडेही आलं आहे. नाकाडोळ्यांवरून धाकटीला आजीच्या वारशातून वगळू नका.

मी शिक्षक आहे. मुलांकडून लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन अशी या विभाजनाच्या टप्प्यांची यादी पाठ करून घेतो, पण त्यांना काही समजलंय असं वाटत नाही. प्रत्यक्ष दाखवता येईल असं काही आहे का?

ही नावं तुम्ही शेवटी सांगा. किंवा सांगूच नका, मुलं परीक्षेआधी पाठ करतीलच. आधी त्यांना एक जोडी दाखवा.

माझं आवडतं साहित्य म्हणजे नाकतोड्याचा नर. वृषणाच्या नळ्या अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून घ्यायच्या, एखादी नळी स्लाइडवर ॲसिटोकार्माइन या लाल रंगाच्या थेंबात घेऊन सुईने विंचरायची, वर कव्हरस्लिप ठेवायची, त्यावर टिपकागद आणि मग अंगठ्याने सरळ दाब. अंगठा जराही सरकला की पेशी चिरडून लाल चिखल होतो. मुलं पहिल्यांदा हटकून अंगठा फिरवतात. फिरवू द्या, दुसरी नळी असतेच.

नाकतोडाच का? गुणसूत्रं मोठी आणि संख्येने कमी. आखूड मिशांच्या बऱ्याच जातींत मादीची २४ आणि नराची २३ असतात. विषम संख्या दिसली की वर्गातलं कोणीतरी विचारतंच, तेविसांच्या जोड्या कशा लागणार? मग त्यांना स्वतः मोजू द्यायचं. ११ जोड्या दिसतात, त्यांत कायझ्मे स्पष्ट दिसतात, एखादी जोडी फुलीसारखी, एखादी कडीसारखी. आणि एका बाजूला एकटं, जास्त गडद रंग घेतलेलं एक गुणसूत्र. तो नराचा एकुलता एक एक्स. त्याला जोडीदारच नाही, म्हणून पहिल्या विभाजनात तो कुठल्या तरी एका बाजूला जातो. निम्म्या शुक्रपेशी ११ च्या, निम्म्या १२ च्या. मादीच्या सगळ्या अंडपेशी १२ च्या. पिल्लू नर की मादी, याचं उत्तर मुलांना त्याच स्लाइडवर मिळतं.

या किड्याला इतिहासही आहे. वॉल्टर सटन हा तरुण विद्यार्थी ब्रॅकिस्टोला मॅग्ना नावाच्या अशाच एका मोठ्या नाकतोड्याची गुणसूत्रं बघत होता. आकारावरून त्याला जोड्या ओळखता आल्या, आणि त्या विभाजनात कशा फुटतात हेही दिसलं. मेंडेलचे वाटाण्यांचे नियम १९०० मध्ये नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. १९०२ आणि १९०३ मधल्या आपल्या लेखांत सटनने दोन्ही गोष्टी जुळवल्या. मेंडेलचे घटक जसे जोडीने राहतात आणि वेगळे होतात, तशीच ही गुणसूत्रं वागतात. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी समुद्री अर्चिनवर काम करून त्याच दिशेने चालला होता. सटन पुढे शस्त्रवैद्य झाला आणि या विषयाकडे फिरकला नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

जीव मारायचा नसेल तर कांद्याच्या फुलांच्या कळ्या घ्या. १६ गुणसूत्रं, ८ जोड्या. कळी अगदी कोवळी हवी. परागकोश पिवळा झाला असेल तर परागकण तयार होऊन गेले, तुम्हाला उशीर झाला असं समजा.

माझं वय ३७ आहे, पहिल्यांदाच दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी वयामुळे बाळाच्या गुणसूत्रांची चाचणी सुचवली. नवरा ४४ वर्षांचा आहे, त्याच्या वयाबद्दल कोणी बोललं नाही. सगळं माझ्याच वयावर का?

तुमचा राग मी समजू शकते. यात बाईला दोष देण्यासारखं काही नाही, पण स्त्री आणि पुरुष यांच्या शरीरात या विभाजनाचं वेळापत्रक फार वेगळं आहे.

पुरुषाच्या वृषणात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होतं आणि मग सतत चालू राहतं. मूळ पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात. त्यांतली एखादी अर्धसूत्री विभाजनाकडे वळली की साधारण दोन-अडीच महिन्यांत तिच्या शुक्रपेशी तयार होतात. स्त्रीचं तसं नाही. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात, तेव्हाच तुमच्या अंडाशयातल्या पेशींनी प्रती काढल्या, जोड्या लावल्या, तुकड्यांची अदलाबदल केली, आणि तिथेच त्या थांबल्या. विसाव्या आठवड्याच्या सुमारास अशा ६० ते ७० लाख पेशी असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यांतल्या आयुष्यभरात चारशे-पाचशेच बाहेर पडतात. बाहेर पडण्याआधी पहिलं विभाजन पूर्ण होतं, आणि दुसरं पूर्ण होतं ते शुक्रपेशी आत शिरल्यावर. चारातली एकच पेशी अंडपेशी बनते. बाकीचा वाटा ध्रुवपिंड नावाच्या इवल्याशा पेशींत टाकून दिला जातो, म्हणजे साठवलेलं सगळं अन्न एकीकडेच राहतं.

म्हणजे या वेळची तुमची अंडपेशी जोड्या लावून ३७ वर्षांहून अधिक काळ थांबलेली होती. वर ज्या कोहेसिनच्या कड्यांबद्दल लिहिलं, ती गर्भावस्थेतच घातली जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की ती पुढे बदलली जात नाहीत. काळ जाईल तशी ती झिजतात. गाठ सैल पडलेली जोडी वेळेआधीच सुटते, आणि मग दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जाऊ शकतात. एकविसाव्याच्या बाबतीत असं झालं तर बाळाला त्याच्या तीन प्रती मिळतात. डाउन सिंड्रोममागचं हे कारण जेरोम लजून आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. इतर बहुतेक गुणसूत्रांची अशी चूक झाली तर गर्भ सुरुवातीलाच पडून जातो. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचाच घोळ असतो. तो कुणाच्या जिना चढण्याने किंवा काम करण्याने होत नाही.

आकडे सांगते, पण ते नीट वाचा. आईचं वय ३५ असताना डाउन सिंड्रोमची शक्यता सुमारे ३५० त एक, चाळिशीत सुमारे १०० त एक. तुमची या दोन्हींच्या मधे कुठेतरी. म्हणजे बाळाला ते नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. आईच्या रक्तावरून केली जाणारी चाचणी ही चाळणी असते, निदान नव्हे. तिच्यात काही आढळलं तर गर्भजल परीक्षणासारख्या चाचणीने खात्री करून घ्यावी लागते. कोणती करायची, करायची की नाही, हे डॉक्टरांशी आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलून तुम्ही दोघांनी ठरवा.

आणि हो, नवऱ्याचं वय अगदीच बिनहिशेबी नाही. त्याच्या मूळ पेशी वर्षानुवर्षं प्रती काढत असतात, आणि प्रत काढताना अक्षरं चुकतात. वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दीड-दोन नवे बदल जास्त येतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण कोणी विचारलं नाही म्हणून हिशेब एकतर्फी होत नाही, एवढं त्याला माझ्या वतीने जरूर सांगा.

आधी निम्मी करायची, मग पुन्हा जोडायची. एवढा खटाटोप कशाला? नर-मादीशिवाय वाढणारे जीव आहेतच की.

आहेत. मधमाशीच्या नराचंच बघा. तो फलन न झालेल्या अंड्यातून होतो. राणीची गुणसूत्रं ३२, त्याची १६. निम्मी तर तो जन्मतःच आहे, आणि जोडीदार नसल्याने त्याच्या शुक्रपेशींत संख्या आणखी घटत नाही. नर-मादीच्या मार्गात खर्च आहे, जोडीदार शोधण्याचा, शिवाय जमून आलेली जुळणी दर पिढीला मोडण्याचा. फायदा कोणता, यावर एकमत नाही. परजीवींच्या एक पाऊल पुढे राहणं हा एक, आणि साचत जाणारे वाईट बदल वेगळे काढता येणं हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो.

पण तुमच्या प्रश्नाला माझ्या मते सगळ्यात मजेदार जीव म्हणजे उत्तर अमेरिकेतले व्हिपटेल सरडे. त्यांच्या काही जातींत नर नाहीतच, फक्त माद्या. फलन नाही, म्हणजे निम्मं करण्याचं कारणही नाही. तरी त्यांनी अर्धसूत्री विभाजन सोडलेलं नाही. त्यांची अंडपेशी होणारी पेशी विभाजनाआधी गुणसूत्रांची संख्या एकदा जास्तीची दुप्पट करून घेते. मग प्रत्येक गुणसूत्र सजातीय जोडीदार सोडून स्वतःच्याच हुबेहूब प्रतीशी जोडी लावतं, अदलाबदलही करतं, आणि दोन विभाजनं होऊन संख्या पुन्हा मूळ पदावर येते. सारख्याशी सारखं बदललं, त्यामुळे मजकुरात काहीच फरक पडत नाही आणि पिल्लू आईची नक्कल निघतं.